मुरवंड्यांची भावकी

आडनाव सांगा, मी गाव सांगतो, असं मी एके काळी छाती काढून म्हणायचो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपुरतं ते खरंही होतं. नारायणगावच्या पेठेत माझा छापखाना होता. पावत्या, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं आम्ही छापायचो, पण घर चालायचं ते लग्नपत्रिकांवर. तुळशीचं लग्न लागलं की दारात चपलांचा ढीग पडायचा आणि बाकावर माणसं प्रूफ वाचत बसलेली असायची. त्यांच्या गप्पा ऐकतच मी भूगोल शिकलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, लग्नपत्रिका म्हणजे मुलगा, मुलगी, तारीख आणि मांडवाची जागा. आमच्या भागात हे सगळं चार ओळींत उरकतं. उरलेला कागद असतो नावांचा. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, संयोजक, आणि सगळ्यांत खाली 'समस्त अमुक परिवार'. व्यवस्थापक म्हणून ज्याचं नाव छापलेलं असतं तो लग्नात पंगतीला बसण्यापलीकडे काही व्यवस्था करत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नाव नसलं तर तो पंगतीलाही बसत नाही. भावकी म्हणजे एका मूळपुरुषाची सगळी घरं, आणि ती सगळी घरं पत्रिकेत दिसली पाहिजेत.

त्या काळी शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची. एक एक अक्षर म्हणजे एक एक खिळा. मोठ्या भावकीची पत्रिका आली की तेच आडनाव पानभर यायचं आणि खणातला त्या अक्षराचा साठा संपायचा. आमचा जुळारी वसंता हात कपाळावर मारून म्हणायचा, "शेठ, ह्या थोरातांना भावकी कमी करायला सांगा. माझा थ संपला!" मग पुण्याहून थ येईपर्यंत थोरातांचं लग्न अडून राहायचं.

एकदा दोन सख्खे भाऊ आले. एकमेकांशी बोलणं बंद, पण पुतणीचं लग्न, त्यामुळे दोघांची नावं हवीत. सकाळी एक येऊन म्हणाला, माझं नाव वर घ्या. दुपारी दुसरा येऊन तेच म्हणाला. मी दोन्ही नावं एका ओळीत बसवली, तर डावीकडे कोण यावरून तंटा. शेवटी अर्ध्या पत्रिका एकाला डावीकडे घेऊन छापल्या, अर्ध्या दुसऱ्याला, आणि ज्याचे गठ्ठे त्याच्या हवाली केले. दोघंही खूश होऊन गेले. लग्नात दोन पाहुण्यांनी पत्रिका शेजारी शेजारी धरून पाहिल्या तेव्हा काय झालं ते मी विचारायला गेलो नाही.

मी जैन. आमचं घराणं राजस्थानातून आलेलं. आजोबा आले, वडील इथेच जन्मले, मीही इथलाच. तरी नवा माणूस छापखान्यात आला की हमखास विचारायचा, "शेठ, तुमी मूळचे कुठले?" मी गावाचं नाव सांगायचो. ते गाव मी आजवर पाहिलेलं नाही. पण ते आहे, तिथे आमच्या नावाची माणसं आहेत, हे मला माहीत आहे. एवढं माहीत असण्याला काही किंमत असते, हे मात्र मला दत्तोबा भेटेपर्यंत कळलेलं नव्हतं.

दत्तोबा मुरवंडे शिनोलीचे. म्हणजे घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की वाटेत लागतं ते गाव. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. पन्नाशीच्या आतबाहेरचे दत्तोबा टोपी काढून बाकाच्या अगदी कडेला बसले. अंगानं काटक, आणि कान असे बाहेर आलेले की टोपी त्यांच्यावरच टेकावी. थोरली मुलगी सुनंदा हिचं लग्न राजुरीत ठरलं होतं. मुलगा भोसरीला कंपनीत होता, घरची बागायत होती. राजुरीच्या त्या घराच्या पत्रिका पिढ्यान् पिढ्या आमच्याकडेच छापलेल्या, म्हणून त्यांनीच दत्तोबांना इकडे पाठवलं होतं.

आडनाव ऐकून मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मुरवंडे? शिनोलीत?"

"एकच घर हाये आमचं."

"आणि बाकीचे कुठे असतात?"

"त्येच तर, शेठ," दत्तोबा म्हणाले.

मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. पत्रिकेच्या डोक्यावर कुलदैवताचं नाव असतं. कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी. "वर काय घालू?"

दत्तोबा टोपी हातात फिरवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील सखाराम तरुणपणी एकटेच आंबेगावच्या मुलखात आले. हिरड्याच्या वखारीत पोती उचलायची हमाली करता करता शिनोलीच्या एका एकुलत्या एक मुलीशी लग्न करून तिथेच राहिले. दत्तोबा शाळेत जाण्याआधीच ते वारले. आपलं गाव कोणतं, माणसं कोण, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. घरात देव होते ते आईच्या माहेरचे. सण, नवस, जत्रा, दत्तोबांच्या लग्नातलं देवकसुद्धा, सगळं आईच्या माहेरचं. बापाकडून आलं ते एक आडनाव आणि ते कान.

हे सगळं इतकी वर्षं खपून गेलं होतं. सुपारी फुटली तेव्हाही कुणी खोलात गेलं नाही, कारण मुलाचे थोरले चुलते, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, ते तेव्हा दवाखान्यात होते. बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "मुरवंड्यांचं देवक कोणतं? भावकी कुठली?" कुणालाच सांगता येईना. तेव्हा अण्णांनी निरोप धाडला, की पोरगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण देवक कळल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत.

देवक म्हणजे कुळाची खूण. एखादं झाड, एखादा पाला, एखादं पीस. लग्नाच्या आधी ते मांडवात आणून पुजतात. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर मुलगा-मुलगी बहीण-भाऊ ठरतात आणि सोयरीक मोडते. आमच्या जैनांत देवक नाही, पण गोत्र पाहतात. त्यामुळे अण्णांचं म्हणणं मला अगदीच विचित्र वाटलं नाही, राग मात्र आला.

"घरी जाऊन आईला विचारा," मी म्हणालो. "बायकोला नवऱ्याची एखादी तरी सवय ठाऊक असते."

दोन दिवसांनी दत्तोबा परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. आई म्हणाली होती, "त्येंनी जल्मात कधी कळंबाचं लाकूड चुलीत घालू दिलं न्हाई. मोळीत आलं तरी उपसून बाजूला ठेवायचे." आता, ज्याचं देवक कळंब म्हणजे कदंबाचं झाड, तो कळंबाची फांदी तोडत नाही, लाकूड जाळत नाही. सरळ हिशेब होता. वसंतानं खण ओढला आणि मी राजुरीला फोन लावला. नवऱ्या मुलाच्या भावाला सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "तुमचं देवक कोणतं हो?"

"आमचं? कळंब," तो म्हणाला.

फोन ठेवून मी वळलो तेव्हा दत्तोबा माझ्या तोंडाकडेच बघत होते. मला सांगावं लागलंच नाही. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "शेठ, ही गोष्ट मला, आईला नि तुमाला ठावं हाये. चौथ्याला न्हाई. तुमी कुटलंबी देवक सांगा त्येला. कुलदैवत बी छापून टाका काहीतरी. कोण तपासायला येतंय?"

खरं सांगतो, मी छापलं असतं. धंद्यात मी याहून मोठ्या थापा छापल्या आहेत. आठवी नापास मुलाच्या नावापुढे शिक्षण छापलंय, भाड्याच्या खोलीला बंगला म्हटलंय. पण दुसऱ्या दिवशी दत्तोबांबरोबर सुनंदा स्वतः आली. शिवणकाम करणारी, कमी बोलणारी मुलगी. आजीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"काका," ती मला म्हणाली, "खोटं छापू नका. ते उद्या कधीतरी बाहेर येईल, आणि तेव्हा मी त्या घरात असेन, तुम्ही नसाल. एक देवक असलं तर मोडू द्या. पण आधी खरं काय ते शोधा."

"आगं पर कुटं शोधायचं?" दत्तोबा म्हणाले.

"काकांकडं एवढी माणसं येतात की."

झालं. मी त्या दिवसापासून बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला मुरवंडे विचारायला लागलो. जुन्नर-आंबेगावात हे आडनाव नाही याची मला खात्री होती, पण पाहुणे खेड, पारनेर, अकोले, मुरबाडपासून यायचे. लोक मदतीला फार उत्सुक असतात. एक जण म्हणाला, "मुरवंडे न्हाई, पर मुरकुटे लई हायेत आमच्याकडं, चालतील का?" एका निवृत्त गुरुजींनी आडनावाचा उगम बसल्या जागी शोधून काढला आणि मुरवंड्यांचा मूळपुरुष एका किल्ल्याचा हवालदार करून टाकला. दुसऱ्यानं त्याला घोडा दिला. आमच्याकडे कुठल्याही आडनावाचा उगम शोधायला बसलं की अर्ध्या तासात मूळपुरुषाच्या हातात तलवार येते. हमाली करणारा मूळपुरुष मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याकडची पुण्याची टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी मी चष्मा लावून पाहिली. त्यातही मुरवंडे नव्हते.

आशा सोडायच्या बेतात असताना दत्तोबांची आई आणखी एक गोष्ट बोलली. नवऱ्याला बैलांची पारख फार होती. शिनोलीत कुणीही बैल घेतला की सखारामला बोलवायचे, आणि दात न बघता तो वय सांगायचा. ही पारख हमालाची नाही, बैलांत वाढलेल्या माणसाची. आणि बैलांची माणसं एका जागी भेटायची म्हणजे बेल्ह्याचा बाजार. जुन्नरच्या त्या टोकाला असल्यानं नगर जिल्ह्यातले लोकही तिथे येतात. बाजाराच्या दिवशी छापखाना वसंतावर टाकून मी आणि दत्तोबा बेल्ह्याला गेलो.

गुरांच्या बाजारात मी कधी गेलो नव्हतो. शेणातून धोतर सावरत चाललेला शेठ बघून व्यापाऱ्यांना वाटलं, गिऱ्हाईक चुकलंय. एक जण म्हणालाही, "शेठ, सोन्याची पेठ तिकडं हाये!" आम्ही दावणीमागून दावणी मागे टाकत विचारत गेलो. ऊन वर आलं. दत्तोबांचा आवाज दर माणसागणिक बारीक होत चालला. शेवटी चहाच्या टपरीवर टेकलो तर शेजारी टेम्पोला रेलून उभा असलेला एक व्यापारी दत्तोबांकडे टक लावून बघत होता.

"पावणं, तुमी धोंडिबाचे कोण?"

"कोण धोंडिबा?"

"आवं, पठारावरचा धोंडिबा मुरवंडे. संगमनेरच्या अंगाला, आमच्या वरच्या वाडीत. त्याच्याकडनं मी खोंडं नेतो. तुमच्यावानीच कान हायेत त्येचे!"

दत्तोबांचा हात आपल्या कानाकडे गेला. व्यापाऱ्याला कळेना आपण काय बोललो ते. मी त्याला दुसरा चहा सांगितला आणि वाडीचा रस्ता समजून घेतला. म्हाताऱ्याला मूलबाळ नाही, बायको गेली, दोन बैल आणि तो एवढाच संसार आहे, असं तो म्हणाला. त्याच टेम्पोतून आम्ही निघालो. वाटेत दत्तोबा एकदाच बोलले. "शेठ, आता त्यो म्हणला कळंब, तर काय करायचं?" आपण हे शोधायला निघालो ते बरं केलं की वाईट, याची मलाच शंका येऊ लागली होती. सापडलं नाही तरी लग्न मोडणार आणि सापडलेलं नको ते निघालं तरी मोडणार, असा तो प्रवास होता.

वाडी म्हणजे माळावर चार-दोन घरं. धोंडिबा गोठ्यात बैलाला खरारा करत होते. सत्तरीच्या पुढचा, वाकलेला माणूस. आणि कान तेच. व्यापाऱ्यानं हाक मारली, "आबा, तुमच्या नावाचं पावणं आणलंय." म्हातारा बाहेर आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. दत्तोबांसमोर उभा राहून त्यानं त्यांचं तोंड निरखलं आणि विचारलं, "सखाचा का तू?"

दत्तोबांनी मान हलवली आणि वाकून पाय धरले.

"कुटं हाये त्यो?"

"गेले. मी ल्हान असतानाच गेले."

म्हातारा वळला. पाण्याच्या हौदापाशी गेला आणि अंगातल्या बंडीसकट, डोक्यावरच्या पटक्यासकट, तांब्यामागून तांब्या अंगावर ओतून घ्यायला लागला. मला आधी कळलं नाही, मग कळलं. भावकीतलं माणूस गेलं की घरं दहा दिवस सुतक धरतात. कुणाला शिवत नाहीत, शुभकार्य करत नाहीत. बातमी फार उशिरा कानावर आली तर ऐकल्या जागी अंगावर पाणी घ्यायचं. या माणसाच्या कानावर भावाच्या मरणाची बातमी आत्ता आली होती.

ओल्या अंगानं त्यानं दत्तोबांना हाक मारली. "तू बी ये. बाप गेला तवा तुज्यासंगं आंगूळ करायला आपल्यातलं कोन व्हतं?" आणि पन्नाशीला टेकलेल्या पुतण्याला हौदापाशी बसवून, लहान पोराला घालावी तशी त्यानं आंघोळ घातली. दोघंही रडत होते. मी आणि तो बैलांचा व्यापारी, दोघं उगाच माळाकडे बघत उभे राहिलो. मलाही रडू येत होतं, पण तिथे रडायचा हक्क माझा नव्हता.

"पितरांत मी आयबापाचा घास ठेवायचो," अंग पुसताना धोंडिबा म्हणाले, "सखाचा कधी ठेवला न्हाई. जित्या माणसाचा घास कसा ठेवायचा? लोक म्हनायचे, आरं गेला आसंल त्यो. मी म्हनायचो, कुनी बघितलाय का?"

मग सगळं सांगितलं. दुष्काळाचं साल होतं. आदल्या पावसाळ्यात बाप वारला, मागे दोन पोरं. थोरला सखा म्हणाला, मी घाटाकडं जाऊन चार पैसे आणतो, तू बैल संभाळ. गेला तो गेलाच. का आला नाही हे धोंडिबांना ठाऊक नव्हतं आणि आता ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. मुरवंड्यांची आधीपासून ती एकच ओळ होती. चुलते, आजे, सगळे तापाच्या साथीत गेलेले. "मी मेलो की ह्ये नाव बी मेलं, असं धरून चाललो व्हतो," ते म्हणाले.

आता विचारणं भाग होतं. दत्तोबा माझ्याकडे बघायला लागले म्हणून मीच विचारलं, "आबा, तुमचं देवक कोणतं?"

"शमी."

"कळंब नाही?"

"कळंब कशापायी? शमी. बापाच्या लग्नातली शमीची फांदी आय कवतिकानं सांगायची."

"पण सखाराम तर कळंबाचं लाकूड जाळू देत नव्हते."

म्हातारा खाली बसला. त्यानं अंगणातला एक कोपरा दाखवला. तिथे काही नव्हतं. "हितं कळंब व्हता. आयनं लावलेला. बाप वारला तवा पाऊस काय थांबंना. सरपण सारं भिजल्यालं. सखानं आपल्या हातानं त्यो कळंब पाडला नि बापाला त्यावर घातला. आख्खी रात फुकत बसला व्हता. पुन्यांदा कळंबाला हात लावला न्हाई त्येनं."

दत्तोबांनी त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. परतीच्या वाटेवर ते टेम्पोत बसून एकटेच हसत होते आणि डोळे पुसत होते. "शमी, शेठ," मधूनच म्हणत, "आमचं देवक शमी."

अण्णांना मी स्वतः जाऊन सांगितलं. मनात चार कडक वाक्यं जुळवून गेलो होतो, पण ती तशीच राहिली. अण्णा म्हणाले, "शेठ, तुमाला वाटत आसंल म्हातारा लई ताठ हाये. माज्या धाकट्या भनीचं लगीन मांडवात मोडलं. देवक एक निघालं. ती पुन्हा उभी राहिली न्हाई कुनापुढं. आमच्याच घरात म्हातारी झाली. मला ह्या पोरीचं तसं हू द्यायचं नव्हतं." मग त्यांनी पत्रिकेचं काम लगेच सुरू करायला सांगितलं.

प्रूफ बघायला धोंडिबा स्वतः आले. दत्तोबा आणि सुनंदा त्यांना धरून घेऊन आले होते. डोक्यावर त्यांनीच सांगितलेलं कुलदैवत छापलं होतं, पण म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. आमच्या धंद्यात सगळ्यांत जपून विचारायची गोष्ट म्हणजे कोण आहे आणि कोण नाही. गेलेल्याच्या नावापुढे 'कै.' लागतं, असलेल्याच्या नावापुढे 'श्री.' आणि इथे चूक झाली की माणसं काठ्या घेऊन येतात. मी निमंत्रक म्हणून घरातले वडीलधारे म्हणजे धोंडिबांचं नाव वर घेतलं होतं.

"माजं कुटं हाये?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट नावावर ठेवलं.

"आन सखाचं?"

सखारामचं नाव सुनंदाच्या नावासोबत, 'यांची नात' म्हणून होतं. म्हातारा मान हलवायला लागला. "थोरला त्यो हाये. त्याचं वर घ्या. माजं त्याच्या खाली."

निमंत्रण करणाऱ्यांत मेलेल्याचं नाव घालत नाहीत, हे मी त्यांना सांगणार होतो. वसंता माझ्याकडे बघत होता. मी त्याला मानेनंच होकार दिला. वसंतानं खिळे काढून नवी ओळ बसवली, शाई फिरवली आणि ओला कागद समोर आणला. मी पुन्हा बोट धरून दाखवलं. हे 'कै.', म्हणजे सखाराम नाहीत. हे 'श्री.', म्हणजे धोंडिबा आहेत.

म्हाताऱ्यानं बोट वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर आणलं, पुन्हा वर नेलं. "जवळजवळच बसलोय की," ते म्हणाले. सुनंदानं त्यांच्या बोटाची शाई पदरानं पुसली. तळाला 'समस्त मुरवंडे परिवार' छापलं होतं आणि या वेळी तो थापेचा मजकूर नव्हता.

लग्न झालं. राजुरीच्या वेशीवर व्याह्यांची भेट झाली तेव्हा इकडून धोंडिबा आणि तिकडून अण्णा पुढे आले. अण्णांच्या मागे त्यांची सगळी भावकी फेटे बांधून उभी, धोंडिबांच्या मागे एकटे दत्तोबा. अण्णांनी म्हाताऱ्याला अशी मिठी मारली की फेटा सरकला. पुढे धोंडिबा अधूनमधून शिनोलीत येऊन राहायचे. पावसाळा संपला की बैलांसाठी परत पठारावर जायचे. दत्तोबांना दोन्ही मुलीच, त्यामुळे हे आडनाव दोन घरांवरून एका घरावर आणि मग शून्यावर येणार हे सरळ होतं. मला त्याची हळहळ वाटायची. एकदा तसं बोललोही, तर सुनंदा म्हणाली, "काका, नाव कुठं जायचं? मी आहे की माहेर सांगायला."

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. खिळे भंगारात गेले होते, वसंता निवृत्त झाला होता, माझा मुलगा कॉम्प्युटरवर पत्रिका करायचा आणि मी नुसता गल्ल्यावर बसायचो. एका सकाळी पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे दत्तोबा उभे. डोकं आणि मिशा भादरलेल्या, अंगावर उपरणं. मला कळलं. धोंडिबा गेले होते. शेवटची दोन वर्षं ते शिनोलीतच होते. दत्तोबांनीच त्यांना अग्नी दिला होता.

दशक्रियेची पत्रिका छापायची होती. मजकूर त्यांनी रस्त्यातूनच मोठ्यानं सांगितला. खाली 'समस्त मुरवंडे परिवार' घालायचं, हे दोनदा सांगितलं. माझ्या मुलानं लिहून घेतलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. या माणसाला बाप आठवतही नव्हता, आणि बाप गेला तेव्हा भावकीतल्या कुणी सुतक धरलं नव्हतं. सगळ्या आयुष्यात हे त्याचं भावकीचं पहिलं सुतक. डोळे सुजलेले होते, रात्रभर रडले असणार. पण ते ताठ उभे होते आणि येणारी-जाणारी ओळखीची माणसं त्यांना वळसा घालून जात होती, ती त्यांना दिसत होती.

"दत्तोबा, आत या," मी म्हणालो. "घोटभर चहा घ्या, मग जा." आणि त्यांचा हात धरायला पायरी उतरलो.

ते चटकन दोन पावलं मागे सरले. नातू झाल्याचं सांगावं तशा भरल्या आवाजात म्हणाले, "नगं शेठ, मला शिवू नका. सुतक हाये मला."